धरणाच्या दारापासून पिकाच्या मुळापर्यंत: सिंचनाची कार्यक्षमता कशी मोजावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील कालव्यांच्या लाभक्षेत्रातील पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी, पाटकरी (कालव्याचे पाणी वाटणारे कर्मचारी) आणि मोजणीत रस असलेले शेतकरी यांच्यासाठी आहेत. हिशेब समजावा म्हणून जेथे 'समजा' असे म्हटले आहे तेथील आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. आपल्या कालव्याचे आणि आपल्या जमिनीचे आकडे आपणच मोजावयाचे आहेत.

सिंचनाची कार्यक्षमता म्हणजे नेमके काय?

एका ठिकाणी सोडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत पोहोचला, याचे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. या व्याख्येत 'कोठून', 'कोठपर्यंत' आणि 'किती काळात' हे तीन शब्द आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय कोणतीही टक्केवारी निरर्थक ठरते. 'आमच्या कालव्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे' असे कोणी म्हणाले, तर ती कालव्याच्या मुखापासून वितरिकेपर्यंतची, म्हणजे मुख्य कालव्याच्या फाट्यापर्यंतची आहे, की शेताच्या बांधापर्यंतची, की मुळांपर्यंतची, आणि एका आवर्तनाची (पाणी सोडण्याच्या एका पाळीची) की पूर्ण हंगामाची, हे आधी विचारावे. बैठकांमधले निम्मे वाद या प्रश्नांनीच मिटतात, असे दिसते.

मग सगळ्या प्रवासाची मिळून एकच टक्केवारी का काढू नये?

काढता येते, पण तिच्यावरून दुरुस्ती कोठे करावी हे कळत नाही. पाण्याच्या प्रवासाचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात: मुख्य कालवा आणि वितरिका, त्यानंतर लघुवितरिका आणि शेतचाऱ्या, आणि शेवटी प्रत्यक्ष शेत. समजा, पहिल्या टप्प्याची कार्यक्षमता ७५ टक्के, दुसऱ्याची ८० टक्के आणि शेतातील ६५ टक्के आहे. या टप्प्यांची बेरीज किंवा सरासरी करून चालत नाही, गुणाकार करावा लागतो: ०.७५ × ०.८० × ०.६५ म्हणजे ०.३९. धरणातून सोडलेल्या शंभर लिटरपैकी एकोणचाळीस लिटरच मुळांना मिळाले. एकाही टप्प्यावरचा आकडा लाज वाटावी असा नसताना एकूण हिशेब मात्र निम्म्याच्याही खाली येतो. राष्ट्रीय एकात्मिक जलसंपदा विकास आयोगाने १९९९ च्या अहवालात देशातील भूपृष्ठीय सिंचनाची कार्यक्षमता ३५ ते ४० टक्के धरून ती २०५० पर्यंत ६० टक्क्यांवर नेण्याचे गृहीत धरले होते, तो आकडा अशाच गुणाकारातून समजून घ्यावा.

याच उदाहरणाचे क्षेत्रात रूपांतर केले, तर फरक अधिक डोळ्यांत भरतो. एक दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी म्हणजे दहा हजार हेक्टर-सेंटिमीटर. रब्बीतील एखाद्या पिकाला हंगामात निव्वळ ४० सेंटिमीटर पाणी लागते असे मानले, तर काहीही वाया न जाता एका दलघमीमध्ये २५० हेक्टर भिजले असते. ३९ टक्क्यांना ते सुमारे ९७ हेक्टरच भिजतात.

क्युसेक, दलघमी, हेक्टर-सेंटिमीटर यांचा मेळ कसा घालावा?

एवढे लक्षात ठेवावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे १०० घनमीटर, अर्थात एक लाख लिटर. एक क्युसेक प्रवाह एक तास चालला की सुमारे १०२ घनमीटर पाणी मिळते, म्हणून 'एक क्युसेक, एक तास, एक हेक्टरवर एक सेंटिमीटर' हा तोंडी हिशेब बांधावर उभे राहून करता येतो. एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी.

प्रवाह मोजण्यासाठी कोणते साधन वापरावे?

साधन प्रवाहाच्या आकारावर आणि कालव्याला मिळणाऱ्या उतारावर ठरते.

शेतचारीतील लहान प्रवाहासाठी ९० अंशांची व्ही-नॉच सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. पत्र्यात कापलेल्या खाचेवरून पाणी मोकळे खाली पडू द्यावयाचे आणि खाचेच्या टोकापासून वरच्या बाजूच्या पाण्याची उंची मोजावयाची. उंची सेंटिमीटरमध्ये घेतल्यास, तिचा अडीचवा घात करून त्याला ०.०१३८ ने गुणले की सेकंदाला किती लिटर पाणी वाहते ते मिळते. १० सेंटिमीटर उंचीला सुमारे ४.४ लिटर, १५ ला १२ लिटर आणि २० ला २४.७ लिटर असा तक्ता करून चारीजवळ रंगवून ठेवता येतो. या सूत्रातील अडीचवा घात दुधारी आहे. कमी प्रवाहही बारकाईने मोजता येतो, पण १५ च्या जागी १६ सेंटिमीटर वाचले गेले, तर प्रवाह एकदम सतरा-अठरा टक्क्यांनी जास्त दिसतो. म्हणून उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नये, कारण तेथे पाण्याची पातळी खाली झुकलेली असते. खाचेवरील उंचीच्या निदान चौपट अंतर मागे जाऊन, तेथे रोवलेल्या पट्टीवर ती वाचावी. पाणी पडते तेथे पत्रा आणि धार यांच्यामध्ये हवा खेळती राहिली पाहिजे, आणि खालचे पाणी खाचेच्या टोकापर्यंत चढता कामा नये.

व्ही-नॉचला उतार बराच लागतो आणि तिच्यामागे गाळ साचतो. सपाट प्रदेशातील चाऱ्यांसाठी म्हणून पार्शल फ्ल्यूम वापरतात. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये राल्फ पार्शल यांनी १९२० च्या दशकात तो रूढ केला. त्यात प्रवाह अरुंद गळ्यातून जातो, गाळ वाहून जातो, आणि पातळीतील घट कमी लागते. महाराष्ट्रातील वितरिकांवर आणि लघुवितरिकांच्या मुखाशी मात्र बहुतेक ठिकाणी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम दिसतो. खडकवासल्याच्या ज्या संशोधन केंद्राची परंपरा १९१६ पासून सुरू होते, तेथील क्लॉड इंग्लिस यांचे या फ्ल्यूमवरील काम १९२० च्या दशकातीलच आहे. आपल्या कालव्यावर असलेले साधन आपल्याच मातीत घडलेले आहे, ही बाब पाटकऱ्यांच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगावी असे वाटते.

मोठ्या कालव्यात प्रवाहमापी चक्र, म्हणजे करंट मीटर, वापरतात. काहीच नसेल तर तरंगत्या वस्तूची पद्धत आहे: सरळ, स्वच्छ अशा तीस ते पन्नास मीटर लांबीच्या भागात तरंग सोडून वेळ मोजावी, त्यावरून आलेल्या पृष्ठवेगाला साधारण ०.८५ ने गुणावे आणि पाण्याच्या सरासरी छेदाच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणावे. ही पद्धत अंदाजासाठी आहे. पाच टक्क्यांची गळती शोधावयास ती वापरली, तर मोजणीतील चूकच गळतीपेक्षा मोठी निघते.

फ्ल्यूम बसवलेला आहे, पण त्याचे आकडे खरे मानावेत का?

तपासल्याशिवाय मानू नयेत. शून्य पातळी खचलेली किंवा पट्टी वाकलेली असणे, गळ्यात गाळ किंवा प्लॅस्टिक अडकणे, आणि खालच्या बाजूला गवत वाढल्यामुळे फ्ल्यूम बुडालेल्या अवस्थेत चालणे, या तीन गोष्टी वारंवार आढळतात. शेवटची सर्वांत फसवी असते, कारण वरची पट्टी भरपूर पाणी दाखवते आणि प्रत्यक्षात प्रवाह तुंबलेला असतो. आवर्तन सुरू होण्यापूर्वी पाणी नसताना लेव्हल लावून पट्टीचा शून्य तपासणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते शाखा अभियंता व संस्थेचे प्रतिनिधी यांनी एकत्र करावे.

कालव्यातून झिरपणारे पाणी कसे मोजतात?

दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली आवक-जावक पद्धत. कालव्याच्या निवडलेल्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच वेळी प्रवाह मोजावा, मधल्या सर्व दारांतून गेलेले पाणी वजा करावे, आणि उरलेला फरक हा व्यय धरावा. समजा, लघुवितरिकेच्या मुखाशी सेकंदाला १५० लिटर पाणी आत येते आणि सर्व दारांवरील प्रवाहांची बेरीज ११७ लिटर भरते, तर वहन कार्यक्षमता ७८ टक्के झाली. या पद्धतीचा लाभ असा की चालू कालव्यात मोजणी होते. मात्र या ३३ लिटरमध्ये झिरपा किती, फुटलेल्या दारातून गळणारे पाणी किती आणि रात्री कोणी बसवलेल्या सायफनमधून गेलेले किती, हे वेगळे सांगता येत नाही. मोजणी अहवालात हा सगळा फरक 'झिरपा' म्हणून लिहिण्याची सवय आहे, आणि मग ज्या ठिकाणी दार बदलावयास हवे तेथे अस्तरीकरणाचा, म्हणजे कालव्याला काँक्रीट वगैरेचा थर देण्याचा, प्रस्ताव जातो.

दुसरी पद्धत साठवणुकीची. कालव्याच्या एका भागाला दोन्ही टोकांना मातीचे बांध घालून त्यात नेहमीच्या पातळीइतके पाणी भरावे आणि चोवीस तासांत ते किती उतरते ते पाहावे. समजा, अस्तर नसलेल्या १०० मीटर लांबीच्या भागात पाणी १५० मिलिमीटर उतरले, आणि जवळच ठेवलेल्या बाष्पीभवन पात्रातील नोंदीवरून त्यातील ७ मिलिमीटर बाष्पीभवनाचे निघाले. पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी दोन मीटर असेल, तर १०० × २ × ०.१४३ म्हणजे २८.६ घनमीटर पाणी झिरपले. पाण्याखाली भिजलेल्या तळ-काठांची लांबी छेदात २.७ मीटर असेल, तर भिजलेला पृष्ठभाग २७० चौरस मीटर होतो, आणि दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे १०६ लिटर असा झिरप्याचा दर निघतो. अस्तरित कालव्याच्या आराखड्यात दशलक्ष चौरस मीटर भिजलेल्या पृष्ठभागामागे ०.६ घनमीटर प्रतिसेकंद हा व्यय धरण्याची प्रथा आहे, तो दिवसाला सुमारे ५२ लिटर प्रति चौरस मीटर इतका होतो. आपला आकडा या तुलनेत ठेवला की अस्तर घालून जास्तीत जास्त किती पाणी वाचेल याचा अंदाज खर्च करण्यापूर्वीच करता येतो. ही पद्धत अचूक असली तरी कालवा बंद ठेवावा लागतो, आणि वाहत्या पाण्यातील गाळ तळाची छिद्रे बुजवतो तो परिणाम साचलेल्या पाण्यात थोडा वेगळा दिसतो.

उन्हाळ्यात कालव्यातील पाणी उन्हानेच उडून जाते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

कालव्यापुरते पाहिले तर नाही. दहा मीटर रुंद आणि पन्नास किलोमीटर लांब कालव्यावरून दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तर ४,००० घनमीटर पाणी उडते. त्याच कालव्यातून सेकंदाला १० घनमीटर पाणी वाहत असेल, तर दिवसाची आवक ८,६४,००० घनमीटर असते. म्हणजे बाष्पीभवन अर्धा टक्कासुद्धा नाही. जलाशयाची गोष्ट वेगळी. तेथे पाणी महिनोन्‌महिने पसरलेले असते आणि बाष्पीभवनाचा हिस्सा मोठा असतो, परंतु तो जलाशयाच्या जमाखर्चात दाखवावा, कालव्याच्या कार्यक्षमतेत मिसळू नये.

वहन कार्यक्षमता आवर्तनाच्या कोणत्या दिवशी मोजावी?

पाणी सोडल्याच्या पहिल्या दिवशी मोजू नये. कोरडा कालवा आधी स्वतः भिजतो, काळ्या मातीतील भेगा भरतात आणि कालव्याचे पोट भरेपर्यंत शेवटच्या दाराला थेंब मिळत नाही. प्रवाह स्थिरावल्यावर, म्हणजे दोन्ही टोकांवरील पट्ट्या काही तास सारख्याच राहिल्यावर केलेली मोजणी झिरप्याविषयी सांगते. परंतु हंगामाच्या हिशेबात भिजण्याचे आणि आवर्तन संपल्यावर कालव्यात उरलेले पाणीही धरावेच लागते. आठ दिवसांची दोन छोटी आवर्तने आणि सोळा दिवसांचे एक मोठे आवर्तन यांत पाणी तितकेच सोडले, तरी पहिल्या प्रकारात कालवा दोनदा भिजवावा लागतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांची संख्या वाढवून मागताना हा खर्च सहसा कोणी मांडत नाही.

शेतात दिलेले पाणी मुळांपर्यंत किती गेले, हे कसे कळते?

पाणी देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर मातीतील ओलावा मोजून. पिकाची मुळे जेथपर्यंत गेली आहेत तेथपर्यंत, दर पंधरा किंवा वीस सेंटिमीटरच्या थरातून, शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतून गिरमिटाने माती काढावी. नमुने हवाबंद डब्यांत ठेवून वजन करावे, १०५ अंश सेल्सियसला चोवीस तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावे, आणि गेलेल्या पाण्याचे कोरड्या मातीच्या वजनाशी प्रमाण काढावे. पाणी दिल्यानंतरचे नमुने लगेच काढून उपयोग नाही. जास्तीचे पाणी खाली निघून जाऊन जमीन वाफशावर यावी लागते, आणि भारी काळ्या जमिनीत त्याला दोन-तीन दिवस लागतात.

एका उदाहरणाने हिशेब पाहू. समजा, खोल काळी जमीन, मुळांची खोली ६० सेंटिमीटर, मातीची स्थूल घनता (दर घन सेंटिमीटरला कोरड्या मातीचे ग्रॅम) १.२५, वाफशाच्या वेळचा ओलावा ३६ टक्के आणि पाणी देण्यापूर्वीचा २४ टक्के. तूट झाली ०.१२ × १.२५ × ६०, म्हणजे ९ सेंटिमीटर. एका एकराच्या या शेतात सेकंदाला १५ लिटरचा प्रवाह नऊ तास चालला. एकूण पाणी ४८६ घनमीटर, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर उंचीचे. दोन दिवसांनी ओलावा ३३.९ टक्के आला, म्हणजे मातीत ७.४ सेंटिमीटर पाण्याची भर पडली. या दोन दिवसांत पिकाने आणि जमिनीच्या पृष्ठभागाने मिळून वापरलेले साधारण एक सेंटिमीटर पाणी त्यात मिळवावे लागते, कारण तेही मुळांच्या पट्ट्यात पोहोचलेच होते. एकूण ८.४ सेंटिमीटर. शेतातील कार्यक्षमता ८.४ भागिले १२, म्हणजे ७० टक्के. उरलेले पाणी मुळांच्या खाली झिरपले किंवा बांधाबाहेर वाहून गेले, आणि बांधाबाहेरचे पाणी व्ही-नॉचने मोजले असेल तर या दोन्हींची फोडही करता येते.

भट्टी नसलेल्या ठिकाणी टेन्शिओमीटर, म्हणजे मातीने पाणी किती ताणाने धरले आहे ते दाखवणारे साधन, वापरतात. हलक्या आणि मध्यम जमिनीत तो उपयुक्त आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र ताण साधारण ८० सेंटिबारच्या पुढे गेला की त्यातील पाण्याचा स्तंभ तुटतो, आणि या जमिनीतील उपलब्ध पाण्याचा मोठा हिस्सा त्याच्या पुढच्या ताणावर असतो.

शेतातील कार्यक्षमता ९५ टक्के आली, तर पाणी उत्तम दिले असे समजावे का?

मुळीच नाही, आणि या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. वरच्या उदाहरणातील शेताला नऊ सेंटिमीटरची गरज असताना पाचच सेंटिमीटर पाणी मिळाले असते, तर त्यातील जवळजवळ सर्व पाणी मुळांच्या पट्ट्यातच राहिले असते आणि कार्यक्षमता शंभराच्या जवळ गेली असती. पीक मात्र तहानलेले राहिले असते. म्हणून या टक्केवारीसोबत दुसरी एक टक्केवारी नेहमी लिहावी: तुटीपैकी किती भाग भरून निघाला. पहिल्या प्रसंगात ती ९ पैकी ८.४, म्हणजे ९३ टक्के आहे. दुसऱ्यात ९ पैकी ५, म्हणजे सुमारे ५६ टक्के. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडील, शेतकऱ्याची 'कार्यक्षमता' कागदावर अनेकदा सर्वांत चांगली दिसते ती याच कारणाने, आणि त्या आकड्याचे कौतुक करणे ही त्याची थट्टाच ठरते.

पाणी शेतभर सारखे पसरले की नाही, हे कसे तपासावे?

शेताच्या लांबीचे चार भाग करून प्रत्येक भागात किती खोलीचे पाणी मुरले ते काढावे, आणि सर्वांत कमी भिजलेल्या चौथ्या भागाचे एकूण सरासरीशी प्रमाण पाहावे. समजा, सरी-वरंब्याच्या शेतात तोंडापासून शेवटापर्यंत ११, ९.५, ८ आणि ६.५ सेंटिमीटर पाणी मुरले. सरासरी ८.७५ आणि सर्वांत कमी भाग ६.५, म्हणून वितरणाची समानता ७४ टक्के. सर्‍या लांब असल्या, उतार नीट नसला किंवा सरीत सोडलेला प्रवाह फार बारीक असला की तोंडाशी पाणी मुरत राहते आणि शेवट कोरडा राहतो. अशा वेळी पाणी अधिक तास चालवून शेवट भिजवला जातो, आणि समानतेचा दोष झिरप्याच्या रूपाने कार्यक्षमतेच्या खाती जमा होतो. जमीन सपाट करून सरी आखूड केल्याने जे साधते ते पाण्याच्या वेळा वाढवून साधत नाही.

ठिबक बसवले म्हणजे कार्यक्षमता ९० टक्के धरावी का?

९० टक्के ही चांगल्या आखलेल्या, नीट राखलेल्या संचाची क्षमता आहे. आपल्या संचाची स्थिती मोजावी लागते, आणि ती मोजणी अगदी सोपी आहे. एका उपमुख्य नळीवरील चार लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) निवडाव्यात: पहिली, एक-तृतीयांश अंतरावरची, दोन-तृतीयांश अंतरावरची आणि शेवटची. प्रत्येकीवर त्याच प्रमाणात चार ठिकाणचे ड्रिपर घ्यावेत. या सोळा ड्रिपरखाली भांडी ठेवून सहा मिनिटे पाणी गोळा करावे. ताशी चार लिटरच्या ड्रिपरमधून सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी आले पाहिजे. समजा, सोळांची सरासरी ३७२ मिलिलिटर आणि सर्वांत कमी असलेल्या चारांची सरासरी २९० मिलिलिटर आली, तर समानता ७८ टक्के झाली. ९० च्या वर असल्यास उत्तम, ७० च्या खाली गेल्यास संच तातडीने दुरुस्त करावा असा सर्वसाधारण निकष आहे. सरासरीच कमी आणि सगळीकडे सारखी असेल, तर दाब कमी आहे. काही ड्रिपर पूर्ण चालू आणि काही जवळजवळ बंद असतील, तर क्षारांमुळे किंवा शेवाळामुळे ते चोंदले आहेत आणि आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रियेची वेळ आली आहे.

समानता ९५ टक्के असूनही पाणी वाया जाऊ शकते, हेही लक्षात घ्यावे. दोन तासांची गरज असताना वीज आहे तोपर्यंत, म्हणजे सहा तास, संच चालू ठेवला तर पाणी सर्व झाडांच्या मुळांखाली अत्यंत समान रीतीने झिरपते.

तुषार सिंचनासाठी काय वेगळे करावे लागते?

चार तुषारांच्या मधल्या चौकोनात ठराविक अंतरावर सारखे डबे मांडून तास-दीड तासाचे पाणी गोळा करावे आणि सरासरीपासूनच्या फरकांवरून समानतेचा गुणांक काढावा. ही रीत क्रिस्तियान्सेन यांनी १९४२ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरात आहे. वाऱ्याचा वेग नोंदवावा. दुपारच्या वाऱ्यातील आणि पहाटेच्या शांत हवेतील निकाल एकाच संचाचे असूनही बरेच वेगळे येतात.

कालव्यातून झिरपलेले पाणी आमच्या विहिरीत येते. ते वाया गेले असे का म्हणावे?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाची सीमा कोठे आखली यावर अवलंबून आहे. कालव्याच्या दृष्टीने ते पाणी गेले. परंतु दख्खनच्या पठारावर बेसाल्टच्या कातळावरील मुरमाचा थर फार जाड नसल्याने झिरपलेले पाणी बरेचदा जवळच्याच विहिरींत आणि ओढ्यांत परत येते, आणि लाभक्षेत्रातील कितीतरी ऊस आणि भाजीपाला या विहिरींवर उभा आहे. संपूर्ण खोऱ्याचा विचार केला तर वाया गेलेले पाणी म्हणजे निरुपयोगी बाष्पीभवन झालेले, किंवा खाऱ्या जमिनीत जाऊन पुन्हा वापरता न येणारे पाणी. म्हणून कालव्याला अस्तर घालून 'वाचवलेले' पाणी नव्या क्षेत्राला दिले, आणि त्याच वेळी जुन्या विहिरी आटल्या, तर एकूण बचत कागदावर दिसते त्यापेक्षा कमी असते. शेतावर ठिबक बसवून वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवले, तरीही हेच घडते.

असे असले तरी झिरपा आपोआप चांगला ठरत नाही. परत आलेले पाणी विहिरीतून उपसण्यास वीज लागते, ते ज्याच्या रानात निघते तो त्याचा हक्कदार असतोच असे नाही, आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत ते साचून जमीन बिघडवते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यानंतर काही दशकांतच त्याच्या खालच्या काळ्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या होत्या, आणि कृष्णा-वारणाकाठच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न आजही आहे. तेव्हा मोजणी अहवालात झिरप्याचा आकडा लिहिताना त्या भागातील विहिरींच्या पातळ्या आवर्तनापूर्वी आणि नंतर मोजून शेजारी लिहाव्यात.

पाण्याच्या थेंबामागे किती पीक आले, ही कार्यक्षमता वेगळी आहे का?

होय, ती उत्पादकता आहे आणि ती टक्क्यांत नव्हे, घनमीटरमागे किलोग्रॅममध्ये सांगतात. हेक्टरी १०० टन ऊस २५,००० घनमीटर पाण्यावर आला तर घनमीटरमागे ४ किलो, आणि तितकाच ऊस १८,००० घनमीटरवर आला तर सुमारे ५.६ किलो. बियाणे, खत, कीड यांमुळेही हा आकडा बदलतो. त्यामुळे त्यावरून कालव्याची परीक्षा करू नये.

पाणी वापर संस्थेला या मोजणीचा कायद्याने काय संबंध येतो?

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने द्यावयाचे आहे, आणि ठोक जलदर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. जुन्या पद्धतीत नमुना ७ चा अर्ज भरून पीकवार, हेक्टरी पाणीपट्टी द्यावी लागे. त्यात एखाद्याने दुप्पट पाणी घेतले तरी पट्टी तीच राहत असे. घनमापनात लघुवितरिकेच्या मुखाशी मोजलेले पाणी हे संस्थेच्या नावावर पडते, आणि तेथून पुढची गळती संस्थेचाच तोटा ठरते. मोजमापाचे ठिकाण कोणते, हा प्रश्न त्यामुळे पैशाचा होतो. व्यवस्थापन संस्थेकडे हस्तांतरित होण्यापूर्वीच्या संयुक्त पाहणीत तो सोडवून घ्यावा, नंतर नाही.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या संस्था टेलच्या भागात उभ्या राहिल्या, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. ज्यांना पाणी कमी मिळते त्यांना मोजणीची निकड आधी कळते, त्यामुळे ही सुरुवात टेलकडून झाली यात नवल नाही.

आमच्या लघुवितरिकेवर चालू स्थितीतील एकही फ्ल्यूम नाही. सुरुवात कोठून करावी?

सर्वप्रथम मुखाशी एक आणि मध्यावर एक अशी दोनच ठिकाणे निश्चित करावीत. सर्व दारांवर एकदम साधने बसवण्याच्या योजना सहसा पहिल्या हंगामातच मोडतात. फ्ल्यूम मिळेपर्यंत तरंगत्या वस्तूच्या पद्धतीने आवर्तनातील प्रत्येक दिवशी सकाळी आणि संध्याकाळी प्रवाह नोंदवावा. रात्रीची एक नोंद आठवड्यातून दोनदा तरी घ्यावी, कारण दिवसा आणि रात्री दारे सारखीच चालतात हे गृहीतक बहुधा टिकत नाही. शेजपाळीच्या, म्हणजे पाणी घेण्याच्या पाळ्यांच्या, यादीवर प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे पाणी सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ, भिजलेले क्षेत्र आणि त्या वेळच्या मुखाच्या प्रवाहाचा आकडा लिहावा. एवढ्या नोंदींवरून एका हंगामानंतर दर एकरी तास मुखाजवळ किती आणि टेलला किती लागले, हे काढता येते. मातीचे नमुने तपासण्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची किंवा कृषी महाविद्यालयाची प्रयोगशाळा विचारून घ्यावी, आणि पहिल्या हंगामात मुखाजवळचे, मधले आणि टेलचे अशी तीनच शेते निवडावीत. नोंदवही पाटकऱ्याच्या एकट्याच्या हाती न देता तिच्यावर दर दिवशी मुखाकडील एका आणि टेलकडील एका सभासदाची सही घ्यावी.